भुताला परीट कोण ठेवतं?

खोली भाड्याने देताना लोक जात विचारतात, नोकरी विचारतात, पोरं किती ते विचारतात. आमच्या घरमालकीणबाईंनी विचारलं, "भुताची गोष्ट येती का?"

माझ्या नवऱ्याला पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात काम लागलं होतं. खेडच्या पलीकडून आम्ही एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन आलो होतो. चिंचवडगावाच्या कडेला या बाईंची पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. बाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न ऐकून नवरा गडबडला. म्हणाला, "आमच्यात भुतंबितं न्हाईत, काकू. माळकरी घर हाय."

"मग म्होरं बघा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघू लागल्या.

ऊन डोक्यावर होतं आणि माझे पाय भाजत होते. मी पेटी खाली ठेवली आणि आमच्या गावची एक गोष्ट सांगितली. एका घरची सून विहिरीत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सासरचा रांजण रोज सकाळी भरलेला मिळू लागला. सासू खूश झाली. पाणी कोण भरतंय हे त्या घरात कोणी कोणाला विचारलं नाही.

"मग?" बाईंचा हात सुपात थांबला.

"मग काय? अजून भरलेला असतो."

"लुगडं कंच्या रंगाचं व्हतं तिचं?"

"तिला कुणी बघितलंच न्हाई."

"हां," बाई म्हणाल्या. "कडंची खोली रिकामी हाय. मोरी भाईर हाय. पेटी आत घ्या."

सगळी आळी त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणते. दिसायला काही खास नव्हत्या. हडकुळ्या, उंच, कपाळ मोकळं, सकाळी मिश्रीचं बोट तोंडात. त्यांचा नवरा देहूरोडच्या लष्करी छावणीला दूध घालायचा, तो तापाने गेला होता. लोक म्हणायचे, एकटी पडली म्हणून बाई भुतांच्या नादी लागली. ते खोटं होतं. नवरा जिवंत असतानाही त्या त्याला पुण्याला भुताचं नाटक बघायला घेऊन जायच्या, आणि तिथे तोच डोळे मिटून बसायचा. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत.

खऱ्या भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अमावस्येला नदीच्या वाटेने एकट्या यायच्या. "खरं भूत बघितलेला माणूस मला अजून भेटला न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् चांगलं भूत रचणारा बी कवातरीच भेटतो." त्यांना भीती आवडायची, आणि भीतीच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. बाजारात वांगी निवडतात तशी त्या भुतं निवडायच्या. पांढऱ्या साडीतलं भूत त्यांना अजिबात चालायचं नाही. "समद्या पांढऱ्याफेक! चिखलातून येती, मसणातून येती, आन् साडीला डाग न्हाई. भुताला परीट कोण ठेवतं?" दार कुरकुरलं की त्या म्हणायच्या, "तेल घाला बिजागरीला. न कुरकुरता उघडलं तर मी भिईन." आणि एक वाक्य तर त्या येता-जाता ऐकवायच्या, की भूत दिसलं की सिनेमा संपला, ते यायच्या आधी जेवढा होतो तेवढाच सिनेमा.

काकूंना वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, म्हणजे रांगेतल्या बायकांत पंडितच. नवऱ्याची पहिली शिफ्ट असली की दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसून भयकथांची पुस्तकं मोठ्याने वाचायची. दुपारीच का, तर त्यांचा नियम होता. अंधारात कोणीही भिववतो, उन्हात भिववून दाखवावं. गोष्ट रंगात आली की त्या हात वर करायच्या. "थांब. आता काय व्हईल ते आपण ठरवू." मग रांगेतल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून ठरवायच्या. कोणी म्हणे, पेटीत प्रेत आहे. कोणी म्हणे, पेटी रिकामी आहे आणि तेच वाईट. मग मी पुढचं वाचायची. बहुतेक वेळा पुस्तकवाल्यापेक्षा आमचंच चांगलं निघायचं. "ह्याला आपल्याकडं शिकायला धाडा," काकू म्हणायच्या.

ती पुस्तकं आणायचा बशीरभाई. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुण्याला सुटे भाग आणायला गेला की रद्दीतून ही पुस्तकं उचलायचा आणि स्वतः वाचून मग काकूंना द्यायचा. तोही भुतांचा तेवढाच वेडा, पण काकूंचा आणि त्याचा पंथ वेगळा. त्याला शेवटी बुरख्यातून माणूस निघालेला आवडायचा. काकूंना त्याचा संताप यायचा.

"दर टायमाला दिवाणजी!" त्या पंक्चर काढणाऱ्या बशीरभाईच्या डोक्यावर उभ्या राहून भांडायच्या. "हवेली, वटवाघळं, गाणं म्हणत फिरणारी बाई, आन् शेवटी बुरखा काढला की आत दिवाणजी!"

"अहो काकू, दिवाणजीला इस्टेट पायजे असती."

"मग कोर्टात जा म्हणावं. माझा जीव कशाला घाबरवतोय?"

"तुमी घाबरायलाच जाता ना पण?"

"भुताला घाबरायला जाते, मुडद्या. कारकुनाला घाबरायला न्हाई."

दिवाळीनंतर स्टेशनपलीकडच्या माळावर सिनेमाचा तंबू लागायचा आणि पावसाळ्यापर्यंत राहायचा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. एका बाजूला यंत्र आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या मागे, आम्ही बायका. यंत्राचा उजेड कापडातून पलीकडे यायचा, त्यामुळे सिनेमा दोन्हीकडून दिसायचा. बायका पुरुषांच्या नजरेला पडत नाहीत आणि बाजूने वेगळी वाट आहे, म्हणून गावाला ही सोय फार पसंत होती. आम्हालाही काही वाटत नव्हतं. इथे कामाला आल्यावर पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्या आम्ही, आणि काकूंनीही सिनेमा बघितला तो याच तंबूत. सिनेमा असाच बघतात असं समजायचो.

काही गोष्टी विचित्र वाटायच्या, नाही असं नाही. सिनेमातले सगळे लोक डाव्या हाताने जेवायचे. आम्ही म्हणायचो, शहरात शिस्त उरली नसेल. सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. आम्ही ठरवलं, या सगळ्या गुजराती असणार. सुरुवातीला पडद्यावर नावं यायची, ती मला वाचता यायची नाहीत. अक्षरांवर रेघ तर आपलीच, पण अक्षर लागायचं नाही. मला वाटायचं, ही चौथीच्या पुढची अक्षरं असतील. बायका विचारायच्या, "काय लिवलंय?" मी सांगायची, "नावं हायती." त्यात खोटं काही नव्हतं.

मग तो सिनेमा आला. एका मोठ्या घरात दुसरेपणाची नवी सून येते आणि मेलेली पहिली सून घर सोडायला तयार नाही, अशी गोष्ट. घरात मोठी पंगत बसते. पाच-सहा बायका वाढत असतात. सगळ्या उजव्या पदराच्या, डाव्या हाताने वाढणाऱ्या, म्हणजे नेहमीच्या सिनेमातल्या. त्यांच्यात एक बाई होती, तिचा पदर डाव्या खांद्यावर होता आणि ती उजव्या हाताने वाढत होती. माझी आई वाढायची तशी, मी वाढते तशी. मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी आपल्यातली बाई घेतली यांनी. मी शेजारणीला म्हणालेसुद्धा, "ती बघ, आपल्या बाजूची दिसती." ती बाई वाढत वाढत पुढे आली, पडदाभर झाली, पळी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "अजून वाढू?" आणि पंगतीतल्या नव्या सुनेने किंकाळी फोडली, कारण तिला पळी धरणारा हात दिसत होता आणि बाई दिसत नव्हती.

नव्या सुनेच्या मागोमाग मी ओरडले आणि तिथेच आडवी झाले. मी पडले ती पुढच्या बाईच्या अंगावर, ती तिच्या पुढच्या बाईच्या अंगावर. मग सगळ्या बायका एकदम उठल्या आणि बाजूची कनात फाडून माळावर पळाल्या. शुद्धीवर आले तेव्हा काकू माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि पडद्यापलीकडून पुरुषांचं हसणं ऐकू येत होतं. त्या प्रसंगाला ते हसत होते!

दुसऱ्या दिवशी हसणं संपलं आणि शहाणपणा सुरू झाला. बायकांचं काळीज लहान, बायकांना हे झेपत नाही, उद्या एखादी पोटुशी पडली तर जबाबदार कोण? पुरुषांना काही झालं नाही आणि बायका कनाती फाडतात, याचा अर्थ उघड आहे. पाटलांनी सांगितलं, संध्याकाळच्या आत चावडीवर बसून ठरवू. काय ठरणार ते पोराटोरांनाही माहीत होतं. तंबूत बायकांना बंदी.

रांगेतल्या बायका माझ्याकडे बघेनात. माझ्यामुळे हे झालं होतं. पण माझं सोडा, मी काकूंकडे बघत होते. माणसं देवळात जातात, माहेरी जातात, शेतावर जातात. काकूंना जायला तो तंबू होता. मंगळवारपासून त्या शुक्रवारच्या खेळाबद्दल बोलायच्या आणि शनिवारपासून सोमवारपर्यंत शुक्रवारच्या खेळाबद्दल. तो बंद झाला असता तर त्या बाईचा आठवडाच बंद झाला असता.

त्या रडल्याबिडल्या नाहीत. तरातरा बशीरभाईच्या दुकानाकडे निघाल्या. मी मागे.

"बशीर, काल तू बी हसलास का रे?"

"हसलो ना. काकू, भूत कोन हे पंगत बसल्या बसल्याच कळलं. सगळ्या बाया सरळ वाढतात, ही एकटी डाव्या हातानं. पदर पन उलटा. एवढं दाखवल्यावर भीती कशाची?"

"काय डोळे फुटले व्हते का तुझे? ती एकटीच तर सरळ व्हती! बाकीच्या डाव्या!"

"तोबा तोबा! काकू, मी पहिल्या रांगेत होतो."

"मी बी पहिल्या रांगेत व्हते!"

दोघं हातवारे करून वाढून दाखवायला लागली. बशीरभाईच्या हातात पाना, काकूंच्या हातात हवा भरायचा पंप. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. काकू खोटं बोलत नव्हत्या आणि बशीरभाईही खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मी मधे पडावं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या हो भाई. आमाला तर त्यातली नावं बी वाचता येत न्हाईत. पुढच्या इयत्तांची अक्षरं असत्यात ती."

बशीरभाई माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, साधी अक्षरं हायेत ती. पुस्तकात असतात तीच. मी वाचतो की."

काकूंचा पंप खाली आला. त्या मला म्हणाल्या, "घरला चल."

घरी त्यांनी भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर काढलं आणि कागदाला बोटाने गोडेतेल चोळलं. कागद पारदर्शक झाल्यावर तो दोरीला टांगला, उन्हात. मला एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूला गेल्या. मग मला तिकडे धाडलं आणि स्वतः इकडे आल्या. मग खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

चावडीपुढे पुरुष जमले होते. बायका लांब, निंबाखाली. पाटील, तंबूवाला आणि दोन-चार मोठी माणसं ओट्यावर. काकू थेट मधे गेल्या आणि पुरुष आणि बायका यांच्या मधोमध आडवी दोरी बांधायला लागल्या. एक टोक माझ्या हातात होतं.

"काकू, हे काय मांडलंय?" पाटील म्हणाले.

"दर्शन. पुरुषांनी हिकडनं घ्यायचं, बायकांनी तिकडनं."

"आन् देवाला त्याल कशापायी फासलंय?"

"मारुतीला चालतं. ह्यांना का न्हाई चालायचं?"

माणसं हसली. काकूंनी कॅलेंडर नीट ताणलं. मग पुरुषांना विचारलं, "सांगा पाटील, सोंड कुनीकडं?"

"डाव्या सोंडेचा हाय. घराघरात असतो तसा."

काकू वळल्या. "बायांनो, तुमी सांगा."

निंबाखालून पाटलीणबाईंचाच आवाज आला, खणखणीत. "उजव्या सोंडेचा हाय की! काकू, खाली घ्या आधी त्याला. सोवळंओवळं न्हाई, अन् असा टांगलाय उजव्या सोंडेचा देव!"

"तुला काय दिसतंय का?" पाटील ओरडले. "डावा हाय तो!"

"मला दिसतंय. तुमी हिकडं येऊन बघा."

सगळ्या गावासमोर बायको आपल्याला खोटं पाडते म्हटल्यावर पाटील ओट्यावरून उतरले आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेले. कॅलेंडरकडे बघितलं. परत अलीकडे आले. पुन्हा पलीकडे गेले. तोवर अर्धी चावडी त्यांच्यामागे ये-जा करत होती आणि बायका इकडच्या बाजूला येऊन बघत होत्या. पाटील शेवटी दोरी धरून मधेच उभे राहिले.

मग काकू बोलल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेला.

"काल पंगतीत भूत उलटं केलं व्हतं, सिनेमावाल्यानं. उलटा पदर, डावा हात. तुमाला ते बसल्या जागी कळलं. कळल्यावर कोण भितंय? म्हनून हसलात. आमाला समदा सिनेमा उलटा, म्हनून भूत तेवढं सुलटं. ते आमच्यात मिसळून, आमच्यासारखं वाढत पुढं आलं. त्याला भिली ही पोर. तुमच्यातला एक जरी मागं बसला असता तर कनात तुमी फाडली असती. काळजाचं काय सांगताय? जागा वाईट हाय."

बशीरभाई मागून म्हणाला, "बराबर हाये काकूंचं." पाटलांनी त्याच्याकडे रागाने बघितलं.

"बरं, न्हाई बंदी," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या बायकांची बाजू हाय तशी."

"तशी न्हाई," काकू म्हणाल्या. "बायका म्होरं बसनार. मधे कनात लावा. निम्मी जागा तुमची, निम्मी आमची. तिकीट सारखंच हाय ना?"

तंबूवाल्याने पटकन मान हलवली. बायका आल्या नाहीत तर त्याचा तंबू आठवडाभरात उठला असता. पाटलांनी इकडे तिकडे बघितलं. पाटलीणबाई दोरीच्या या बाजूला उभ्या राहून त्यांच्याकडेच बघत होत्या. पाटील म्हणाले, "लावा कनात."

आसपासच्या गावांतून बायका तो तंबू बघायला यायच्या. तळवड्याच्या, देहूच्या. त्यांच्याकडच्या तंबूत अजून मागेच बसवायचे. मी त्यांना आमच्या काकू दाखवायची. सांगायची, ह्या बाईनं आम्हाला पुढं आणलं. आजही सांगते. पुढे मी पोरांच्या नोकऱ्यांपायी सगळीकडे फिरले, मोठी मोठी शिकलेली माणसं बघितली. भर चावडीत उभं राहून गावाला खोटं ठरवणारी आणि नंतर त्याचा एक शब्द न मिरवणारी दुसरी बाई मला दिसली नाही. म्हातारपणी त्या झोपेत गेल्या. त्यात रडण्यासारखं काही नाही, सगळेच जातात.

पण चावडीनंतरच्या त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. तोच सिनेमा पुन्हा लागला होता. आम्ही बायका पहिल्यांदा पुढच्या बाजूला बसलो. पडद्यावर नावं आली आणि मी ती सगळी घडाघडा वाचून दाखवली, मोठ्याने, पुरुषांनाही ऐकू जाईल अशी. सिनेमातल्या बायका आपल्यासारखा पदर घेऊन आल्या तेव्हा आमच्यात एकच कालवा झाला. मग पंगत बसली. ती डावरी बाई आली आणि आम्ही सगळ्या हसलो, पुरुषांपेक्षा जोरात.

काकू हसल्या नाहीत. त्या उठल्या. मला वाटलं बाहेर निघाल्या, म्हणून मी पाठोपाठ गेले. त्या बाजूच्या वाटेने पडद्याच्या मागे आल्या. तिथे आता काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. नुसता माळ, अंधार आणि उलटा सिनेमा. त्या एकट्याच खाली मांडी घालून बसल्या, आधी तिथे पहिल्या रांगेत बसायच्या तशाच.

"काकू, अहो म्होरं चला की! एवढं भांडून जागा मिळवली."

"ती तुमाला मिळवली. मला हितनंच ब्येस दिसतं."

"पण हितं एकटीला भ्या न्हाई का वाटायचं?"

काकूंनी पडद्यावरून नजर काढली नाही. ती बाई पळी घेऊन पुढे येत होती.

"मग तिकीट कशाला काढलंय?" त्या म्हणाल्या. "सर बाजूला, दिसत न्हाई."